बड्या घराचा ताळेबंद

मोठी इमारत दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हिच्यासाठी पैसा कुठून आला असेल? आयुष्यातली तेहेतीस वर्षं बँकेत काढल्याचा हा परिणाम. कर्जाचे अर्ज तपासता तपासता माणसाची नजरच तशी होऊन जाते. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं व्हिएन्नाला गेलो, तेव्हा विमानतळावरून शहरात येतानाच सौभाग्यवतींनी मला बजावलं, "हे पाहा, तुम्हाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. निदान इथे तरी हिशेब नकोत. मला राजवाडे बघायचेत, तो प्रसिद्ध केक खायचाय आणि एक संध्याकाळ संगीत ऐकायचंय." मी सगळं कबूल केलं. आणि पुढचे सहा दिवस रोज थोडा थोडा शब्द मोडत राहिलो.

पण त्यात सगळा दोष माझा नाही. व्हिएन्ना हे शहरच असं आहे की ते हिशेब करायला लावतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ही पाच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या साम्राज्याची राजधानी होती. झेक, हंगेरियन, पोलिश, क्रोएशियन, इटालियन अशा अकरा-बारा भाषा बोलणारी माणसं हॅब्सबर्ग घराण्याच्या एका छत्राखाली नांदत होती. १९१८ मध्ये युद्ध संपलं आणि उरला तो पासष्ट लाखांचा एक लहानसा देश. त्यातला दर चारांतला एकाहून अधिक माणूस एकट्या व्हिएन्नात राहत होता. घर तेवढंच, दरवाजे तेवढेच, झुंबरं तेवढीच. फक्त शेतीवाडी गेली, कुळं गेली आणि धनीही गेला. आपल्याकडे अशा घराला 'बडा घर पोकळ वासा' म्हणतात. हा वासा खरोखर पोकळ आहे का, हे पाहण्याची मला उत्सुकता होती.

व्हिएन्ना बघायला सुरुवात करायची ती रिंगश्ट्रासेपासून. जुन्या शहराला वळसा घालणारा हा प्रशस्त रस्ता आणि त्याला जोडलेला कालव्याकाठचा भाग मिळून सुमारे सव्वापाच किलोमीटरचं कडं होतं. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, मधून ट्राम. ट्राममध्ये खिडकीशी बसावं आणि एकेक इमारत सरकताना पाहावी. ग्रीक देवळासारखं संसदभवन, गॉथिक चर्चसारखं नगरपालिकेचं सभागृह, इटलीतल्या प्रासादासारखं विद्यापीठ, समोरासमोर उभी असलेली दोन जुळी वस्तुसंग्रहालयं आणि त्यांच्या मध्ये उंच चौथऱ्यावर बसलेली सम्राज्ञी मारिया थेरेसा. सगळ्या इमारती शतकानुशतकं जुन्या शैलींत आहेत आणि सगळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. लोकशाही म्हटली की ग्रीस, नगरपालिका म्हटली की मध्ययुग, विद्या म्हटली की इटली, असा तो हिशेब होता.

आणि पैसा? तो कुठून आला याची गोष्ट मला या इमारतींइतकीच देखणी वाटली. पूर्वी इथे शहराचा तट होता आणि तटाबाहेर, शत्रूवर नीट तोफा डागता याव्यात म्हणून, मोकळं ठेवलेलं मोठं मैदान. १८५७ च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ जोसेफने तट पाडायचा हुकूम काढला. मैदानाची जागा प्लॉट पाडून खासगी लोकांना विकली आणि त्या विक्रीचा पैसा एका वेगळ्या निधीत जमा केला. त्या निधीतून संग्रहालयं, नाट्यगृह, उद्यानं उभी राहिली. म्हणजे तटाच्या जागेने स्वतःचाच खर्च भागवला. प्लॉट घेतले ते बँकर्सनी, कापडगिरणीवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी. त्यांत कितीतरी ज्यू कुटुंबं होती. विद्यापीठाजवळच्या कोपऱ्यावर एफ्रुसी या बँकर घराण्याचा असाच एक प्रासाद आहे. ते नाव मी वहीत लिहून ठेवलं. त्याच्याकडे पुन्हा यावं लागणार होतं.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. १ मे १८७३ रोजी व्हिएन्नात मोठ्या थाटात जागतिक प्रदर्शन उघडलं आणि ९ मे रोजी शेअरबाजार कोसळला. त्याआधीची ऑपेरागृहाची गोष्ट तर फारच करुण आहे. बांधकाम चालू असताना समोरच्या रस्त्याची पातळी वाढवली गेली आणि इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसू लागली. लोकांनी टिंगल केली. सम्राटालाही ती फारशी पसंत नसल्याचं बोललं गेलं. दोघा वास्तुशिल्पींपैकी व्हान डेर न्यूल यांनी १८६८ मध्ये गळफास लावून घेतला. त्यांचे सहकारी सिकार्ड्सबुर्ग काही आठवड्यांतच वारले. १८६९ मध्ये ऑपेरा उघडला तेव्हा तो बघायला दोघांपैकी कुणीच नव्हतं. सांगतात की, त्यानंतर सम्राटाने कुठल्याही कलाकृतीवर मत देणं सोडून दिलं. फार छान झालं, मला आनंद वाटला, एवढंच तो म्हणे. बँकेत आमच्याकडे तपासणीला येणारे काही वरिष्ठ असंच बोलत, पण त्यांची कारणं वेगळी असत.

त्या ऑपेरात अगदी थोड्या पैशांत उभ्याने पाहायची तिकिटं मिळतात. आमच्या गुडघ्यांनी पहिला अंक निभावून नेला. मध्यंतरात बाहेर पडलो तेव्हा सौ. म्हणाली, "अर्धं तर अर्धं, पण ऐकलं ना!"

दुसऱ्या दिवशी हॉफबुर्ग. हा हॅब्सबर्गांचा मुख्य राजवाडा. शतकानुशतकं प्रत्येक राजाने त्याला एकेक चौक जोडत नेला. तिथल्या फ्रान्झ जोसेफच्या खोल्या पाहताना मला या माणसाबद्दल उगाचच जवळीक वाटू लागली. १८४८ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर बसला आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत उठला नाही. अडुसष्ट वर्षं एका खुर्चीवर! झोपायला साधी लोखंडी खाट, भल्या पहाटे उठणं आणि मग दिवसभर फायली. आठवड्यातून दोनदा सामान्य प्रजाजनांच्या भेटी. त्या तो उंच मेजाशी उभ्याने घ्यायचा, समोर नावांची यादी ठेवून. साम्राज्याचा हेडक्लार्कच म्हणा ना. आणि घरात? भाऊ मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट व्हायला गेला, त्याला १८६७ मध्ये तिथे गोळ्या घातल्या. एकुलता एक मुलगा रुडॉल्फ १८८९ मध्ये मायरलिंगच्या शिकारगृहात प्रेयसीसह मृतावस्थेत सापडला. पत्नी एलिझाबेथ, सगळे तिला लाडाने सिसी म्हणतात, तिचा १८९८ मध्ये जिनिव्हात सरोवराकाठी एका माथेफिरूने कानस खुपसून खून केला. त्यानंतर १९१४ मध्ये सारायेव्होला पुतण्या गेला. त्या गोळीने मात्र सगळं जगच गेलं.

तिथून चार पावलांवर कापुचिन साधूंच्या चर्चखाली राजघराण्याचं दफनघर आहे. तळघरात कांस्याच्या नि तांब्याच्या शवपेट्या ओळीने मांडलेल्या. मारिया थेरेसा आणि तिच्या पतीची पेटी म्हणजे एक लहानसा मंडपच आहे. वर दोघं अर्धवट उठून एकमेकांकडे पाहताहेत. आणि तिच्या पायाशी त्यांच्या मुलाची, दुसऱ्या जोसेफची, अगदी साधी तांब्याची पेटी. या जोसेफने १७८४ मध्ये काटकसरीसाठी खाली झडप असलेली, पुन्हा पुन्हा वापरता येणारी शवपेटी काढली होती. झडप उघडायची, देह खड्ड्यात, पेटी परत. लोक इतके खवळले की त्याला तो हुकूम मागे घ्यावा लागला. खर्चात कपात कुठे करावी आणि कुठे करू नये, हे न कळणारे हुशार अधिकारी सगळ्या काळात असतात.

या दफनघराच्या दाराशी होणारा एक विधी तुम्हाला सांगायलाच हवा. शेवटच्या सम्राटाचा मुलगा ओटो २०११ मध्ये वारला, तेव्हाही तो झाला. शवपेटी बंद दारासमोर आणतात. एक जण काठीने दार ठोठावतो. आतला साधू विचारतो, कोण आलंय? बाहेरून सगळ्या पदव्या वाचल्या जातात. अमुकचा राजपुत्र, तमुकचा ड्यूक. आतून उत्तर येतं, आम्ही त्याला ओळखत नाही. पुन्हा ठोठावतात. आता त्याने मिळवलेल्या पदव्या, भूषवलेली पदं सांगितली जातात. तेच उत्तर. तिसऱ्यांदा फक्त एवढंच सांगतात, की हा ओटो, एक मर्त्य, पापी माणूस. तेव्हा दार उघडतं. सौ. हे ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दार शेवटी असंच उघडायचं असतं, तर मग बाहेर एवढे मोठे वाडे कशाला बांधले?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही कॉफी प्यायला गेलो. व्हिएन्नात हा सर्वमान्य उपाय आहे. इथलं कॉफीगृह म्हणजे दुकान नव्हे, ते दुसरं घर. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं. 'मेलांज' नावाची फेसाळ दुधाची कॉफी मागवली की चांदीसारख्या लखलखीत तबकात पेल्याबरोबर पाण्याचा ग्लास येतो. नंतर तुम्ही तिथे दोन तास बसा, कुणी बिल आणून ठेवत नाही. मागितलं तरच मिळतं. आपल्याकडे जुन्या इराण्याकडे बसलेल्यांना हे सुख ठाऊक आहे. सौ.चा केकही इथेच झाला. चॉकलेटचा हा 'साखर टोर्ट' १८३२ मध्ये मेटर्निखच्या स्वयंपाकघरातल्या फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवाराने केला असं सांगतात. पुढे 'अस्सल' हा शब्द कुणी वापरायचा यावरून साखर हॉटेल आणि डेमेल मिठाईवाले वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९६३ मध्ये तडजोड झाली आणि 'अस्सल' हा शब्द हॉटेलला मिळाला. भांडणात जर्दाळूचा मुरांबा एका थराचा की दोन, हाही मुद्दा होता. सौ.ने घास घेऊन निकाल दिला, "जरा कोरडाच आहे." म्हणून बरोबर साय येते, हे तिला मग कळलं.

तिसरा दिवस शोनब्रुनचा. एकेकाळी शहराबाहेर असलेला हा उन्हाळी राजवाडा पिवळ्या रंगाचा, १४४१ खोल्यांचा. इथे १७६२ मध्ये सहा वर्षांच्या मोझार्टने मारिया थेरेसासमोर पियानोसारखं वाद्य वाजवून दाखवलं. इथेच फ्रान्झ जोसेफ जन्मला आणि इथेच वारला. आणि इथल्याच एका चिनी नक्षीच्या दालनात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून अंग काढून घेतल्याच्या कागदावर पेन्सिलीने सही केली असं सांगतात. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं. एवढ्या मोठ्या घराचं पुढे काय करायचं? आज प्रवासी तिकीट काढून काही दालनं पाहतात. पण राजवाड्याच्या दुसऱ्या भागांत चक्क भाडेकरू राहतात. राजवाड्याच्या खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत असेल का, म्हणून मी वर पाहत राहिलो. टॉवेल दिसला नाही. कुंड्या मात्र दिसल्या.

चौथ्या दिवशी मी सौ.कडे सुट्टी मागितली. तिला बेल्व्हेडेअर राजवाड्यात क्लिम्टचं 'चुंबन' हे सोनेरी चित्र पाहायचं होतं. मला एक बँक पाहायची होती. ती म्हणाली, "व्हिएन्नाला येऊन बँक?" मग स्वतःच म्हणाली, "चला, तुमची बँक पाहू, मग माझं चित्र."

ही व्हिएन्नाची टपाल बचत बँक. ऑटो वाग्नर या वास्तुशिल्पीने १९०४ ते १९०६ मध्ये ती बांधली. रिंगवरच्या त्या सगळ्या उसन्या शैली पाहिल्यावर इथे येऊन उभं राहिलं की डोळे धुतल्यासारखे होतात. भिंतीवर संगमरवराच्या पातळ फरशा आणि त्यांवर ओळीने अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्यांचे खिळे. लपवलेलं काही नाही. आतलं मुख्य दालन काचेच्या छपराचं. जमीनसुद्धा काचेच्या विटांची, म्हणजे उजेड खालच्या मजल्यावरही उतरतो. आता तिथे बँक नाही, पण दालन पाहता येतं. मोठ्या सावकारांसाठी ही बँक नव्हती. १८८३ पासून टपाल कचेऱ्यांतून मोलकरणी, कारकून, शिंपी, शिक्षक यांची किडूकमिडूक बचत गोळा करणारी ही संस्था. त्या पैशाच्या जोरावर ती एवढी वाढली की तिला एवढी इमारत लागली. काचेच्या छताखाली उभं राहून मला मनापासून वाटलं, की पासबुक घेऊन येणाऱ्या माणसाचा एवढा मान कुठल्याच इमारतीने ठेवला नसेल.

बाहेर आलो आणि समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे अगदी तोंडासमोर एक अवाढव्य इमारत, माथ्यावर पंख पसरलेला गरुड, पुढ्यात घोड्यावर बसलेला सेनापती राडेट्झकी. हे साम्राज्याचं युद्ध मंत्रालय. टपाल बचत बँकेनंतर काही वर्षांतच, १९१३ मध्ये, ते पूर्ण झालं. आज तिथे सरकारी खाती आहेत.

एका बाजूला गरिबांची बचत, दुसऱ्या बाजूला युद्ध खातं आणि मध्ये फक्त एक रस्ता. तो रस्ता १९१४ मध्ये ओलांडला गेला. युद्धाचा खर्च भागवायला ऑस्ट्रियाने एकामागून एक आठ युद्धकर्जं काढली. बँकांतून आणि याच टपाल बचत बँकेतून त्यांची विक्री झाली. देशभक्तीची जाहिरात, वर चांगलं व्याज आणि सम्राटाची हमी. लोकांनी आयुष्याची पुंजी काढून रोखे घेतले. युद्ध हरलं, राज्य गेलं आणि महागाईने उरलंसुरलं खाल्लं. १९२५ मध्ये शिलिंग हे नवं नाणं आलं, तेव्हा दहा हजार जुन्या क्राउनला एक शिलिंग असा भाव होता. म्हणजे ज्याच्या पासबुकात वीस हजार होते, त्याच्या हातात दोन नाणी पडली.

माझ्या शाखेत एक वृद्ध बाई दर महिन्याला येत. पैसे काढायला नव्हे. पासबुकात नोंद भरून घ्यायला. शिक्का पडला की त्या काउंटरवर वाकून हळूच विचारायच्या, "पैसे आहेत ना हो, साहेब?" मी म्हणायचो, "आहेत, मावशी. अगदी सुरक्षित आहेत." त्यांचे पैसे खरोखरच सुरक्षित राहिले. पण मी ते कशाच्या आधारावर म्हणत होतो? वरून आलेल्या परिपत्रकांच्या आधारावर. या काचेच्या दालनात १९१६ मध्ये बसलेला माझ्यासारखाच एखादा अधिकारी युद्धकर्जाचा अर्ज पुढे सरकवताना कुणा मावशीला हेच म्हणाला असेल, आणि तोही खोटं बोलत नसेल. त्याच्याकडेही परिपत्रकच होतं. त्या पायऱ्यांवर मी जरा वेळ बसलो. सौ.ने काही विचारलं नाही. शेजारी बसून पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारी तिचं चित्र पाहिलं. सोन्याने मढलेली ती दोन माणसं पाहताना माझंही मन निवलं. याच बेल्व्हेडेअरमध्ये १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्याचा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षं अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांचं सैन्य या देशात होतं. ते निघावं म्हणून १९५३ मध्ये नेहरूंनी रशियाकडे शब्द टाकला होता, ही गोष्ट तिथे जाणाऱ्या आपल्या माणसांना माहीत असावी. पण दुसऱ्या महायुद्धाचं नाव निघालं की व्हिएन्नाच्या हिशेबाचं सर्वांत अवघड पान उघडतं. आमचा पाचवा दिवस त्यात गेला.

हॉफबुर्गच्या नव्या पंखासमोर हेल्डनप्लाट्झ, म्हणजे वीरांचा चौक. मोठं हिरवंगार मैदान, मुलं चेंडू खेळताहेत, कुणी पुस्तक वाचत पहुडलंय. मागे राजवाड्याचा अर्धगोल आणि त्याच्या मध्यावर सज्जा. १५ मार्च १९३८ रोजी याच सज्जातून हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याची घोषणा केली. खाली दोन लाखांच्या घरात माणसं होती आणि ती जयघोष करत होती. तरुणपणी याच शहराच्या चित्रकला अकादमीने ज्याला दोनदा प्रवेश नाकारला, तो आता धनी होऊन परत आला होता. त्या दिवसांत या शहरातल्या ज्यू माणसांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावलं गेलं आणि शेजारी पाहत उभे राहिले. सिग्मंड फ्रॉइड सत्तेचाळीस वर्षांचं बेर्गगासेवरचं घर सोडून वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी लंडनला गेले. आणि वहीत लिहून ठेवलेलं ते एफ्रुसी घराणं? त्यांचा प्रासादही गेला, बँकही गेली. ज्यांच्या पैशाने रिंग उभी राहिली, त्यांना त्या रिंगवर चालायची चोरी झाली.

ऑस्ट्रियातल्या सुमारे ६५ हजार ज्यूंची हत्या झाली. युद्धानंतर देशाने सांगितलं, आम्हीच हिटलरचे पहिले बळी. ते अर्धंच खरं होतं. त्या सज्जाखाली उभी असलेली दोन लाख माणसं कोण होती, हा प्रश्न उरतोच. चॅन्सेलर फ्रान्झ व्रानिट्झकी यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांच्या वाट्याच्या जबाबदारीची कबुली दिली ती १९९१ च्या जुलैत. बुडीत खातं बुडीत म्हणून दाखवायला सेहेचाळीस वर्षं लागली. बँकेत हे पाप मी लहान प्रमाणावर पाहिलेलं आहे. खातं खराब आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते तसं लिहायचं धैर्य कुणात नसतं आणि दर वर्षी ताळेबंद छान दिसतो.

मग मात्र नोंदी होऊ लागल्या. युडेनप्लाट्झ या जुन्या चौकात २००० साली रेचल व्हाइटरीड या इंग्रज शिल्पकर्तीने केलेलं स्मारक उभं राहिलं. काँक्रीटची एक बंद खोली. भिंतींवर पुस्तकंच पुस्तकं, पण त्यांचे कणे आत वळलेले आणि पानं बाहेर. कुठलंच नाव वाचता येत नाही, दाराला मूठ नाही. आणि २०२१ च्या नोव्हेंबरात नावांच्या भिंती झाल्या. व्हिएन्नात जन्मलेले आणि आई-वडील गमावून कॅनडात गेलेले कर्ट याकोव्ह टुटर यांनी त्यासाठी वीसेक वर्षं पाठपुरावा केला. एका बागेत दगडी भिंतींचं मोठं वर्तुळ आणि त्यांवर ६४ हजारांहून अधिक नावं, जन्मसालांसह. सौ. एका भिंतीशी थांबली. तिच्या बोटाशी १९३६ साल होतं. म्हणजे पाच-सहा वर्षांचं मूल. ती पुढे गेली, पुन्हा थांबली. आमची नात त्या वयाची आहे, एवढंच ती म्हणाली.

मान वर केली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या बागेला लागूनच जी उंच इमारत आहे ती ऑस्ट्रियाची मध्यवर्ती बँक आहे. ही जागा ठरवताना कुणाच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही. पण देशाच्या तिजोरीसमोर देशाचं देणं दगडात कोरून ठेवलेलं असावं, यापेक्षा योग्य जागा मला तरी सुचली नसती.

शेवटचा दिवस मोकळा होता. सौ. म्हणाली, "आता एखादी हसरी जागा दाखवा." आम्ही मेट्रोने हायलिगेनश्टाटला गेलो. स्टेशनबाहेर येताच समोर तांबूस-पिवळ्या रंगाची प्रचंड इमारत दिसली. भव्य कमानी, वर उंच झेंड्याच्या काठ्या. सौ.ने विचारलं, "हा कुठल्या राजाचा?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. ही चाळ आहे."

कार्ल मार्क्स हॉफ. १९२७ ते १९३० मध्ये व्हिएन्नाच्या नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली वसाहत; लांबी एक किलोमीटरहून जास्त, १३८२ घरं. त्या काळी त्यात धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाडी, दवाखाना, वाचनालय सगळं होतं आणि बरीचशी जागा बागांसाठी मोकळी सोडलेली. लक्षात घ्या, हे त्याच दिवाळं निघालेल्या शहराने केलं. साम्राज्य बुडाल्यावर मजूर एकेका खोलीत दहा-दहा जण राहत, क्षयाने मरत. तेव्हा नगरपालिकेचा अर्थखात्याचा कारभारी ह्यूगो ब्राइटनर हा पूर्वीचा बँक संचालक होता. त्याने १९२३ मध्ये घरबांधणी कर बसवला. लहान घराला नाममात्र, मोठ्या घराला भरपूर. सर्वांत महागड्या अर्धा टक्का घरांकडून त्या कराचा जवळजवळ पंचेचाळीस टक्के भाग येई. मोटारी, शॅम्पेन, नोकरचाकर यांवरही कर. श्रीमंत त्याच्यावर अर्थातच चिडून होते. पण १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं उभी राहिली आणि भाडं मजुराच्या पगाराच्या चारेक टक्के. त्या वर्षी फेब्रुवारीत यादवी पेटली आणि सरकारने याच इमारतीवर तोफा डागल्या. इमारत टिकली. घरं बांधायची प्रथाही टिकली. आज व्हिएन्नाच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत आणि शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. तिथेही नंबर लागायला थांबावं लागतं, तक्रारी असतात. पण राजधानीच्या शहरात शिक्षकाला आणि ट्रामच्या चालकाला राहता येतं. साम्राज्य गेल्यावर ओसरत गेलेली व्हिएन्नाची लोकसंख्या २०२३ मध्ये पुन्हा वीस लाखांवर गेली.

त्या काळातल्या कित्येक वसाहतींच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत एक ओळ असते. संध्याकाळी परतताना अशीच एक वसाहत दिसली आणि मी फोनवर त्या ओळीचा अर्थ लावला. व्हिएन्ना नगरपालिकेने अमुक अमुक वर्षी, घरबांधणी कराच्या पैशातून बांधली.

मी रस्त्यातच थांबलो. सहा दिवस मी राजवाडे, चर्च, ऑपेरा, संग्रहालयं पाहत होतो आणि प्रत्येकाला मनातल्या मनात तोच एक प्रश्न विचारत होतो. उत्तरं पुस्तकांतून, तळघरांतून, बागेतल्या भिंतींवरून शोधावी लागली. ही एकच इमारत अशी भेटली, जिने न विचारता, कपाळावर लिहून, पैसा कुठून आला ते सांगितलं होतं.

सौ. पुढे गेली होती. ती मागे वळून म्हणाली, "काय झालं? सापडला का तुमचा रकाना?"

"सापडला," मी म्हटलं.

कमानीतून एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आत चालल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली, किल्ली काढली आणि दार उघडलं. पदवी कुणी विचारली नाही.